दुधात उतरलेला ताप

"खरं सांग, बाटली कुठंय?" दारात चप्पल काढतानाच ती विचारायची. बाळ कसंय, तू कशी आहेस, ते नंतर. आमच्या वस्तीची ही आशाताई, म्हणजे आशा सेविका. बाळंतिणीच्या बोलण्यावर विश्वास ठेवायचा नाही, अशी जणू तिला सरकारी ऑर्डरच होती. तुम्हीही अशी एखादी पाहिली असेल.

आमचं घर एकलहऱ्याला, पत्र्याच्या दोन खोल्या. वडील वीजकेंद्रात ठेकेदाराकडे, आई चार घरची धुणीभांडी करायची. त्या घरातून मी बी.कॉम. झाले, अख्ख्या गल्लीत पहिली. दहावी शिकलेल्या आशाताईनं मला शिकवावं, हे पटत नव्हतं.

बाळंतपणाला माहेरी होते. मुलगी वीस दिवसांची, आणि मला ताप, खोकला. "ताप दुधात उतरतो," आई म्हणाली. पदवी असून मलाही ते खरं वाटलं. दूध पिळून मोरीत टाकायचे, बाळाला बाटली. मेडिकलमधल्या गोळ्या चालू. दोन दिवसांत दूध कमी यायला लागलं.

तिसऱ्या दिवशी आशाताई आली आणि डाळीच्या डब्यामागून बाटली काढली.

"मावशी, ही काय डाळीला पाजता?"

"ताप हाय ना तिला!"

"ताप अंगात हाय, दुधात नाय."

हिला नुसता रजिस्टरचा रकाना भरायचाय, असं मला वाटलं. म्हटलं, "डॉक्टर सांगतील तेव्हा पाजीन."

"चला मग, ग्रॅज्युएट मॅडम. तुमच्या गोळ्यांचापण मला भरवसा नाय."

डॉक्टरांनी एक गोळी बदलली. म्हणाले, "फ्लू आहे. पाजायचं थांबवू नका, दुधातून बाळाला उलट बळच मिळतं. धोका खोकल्याचा आणि न धुतलेल्या हातांचा. बाळ पिईना झालं किंवा अंग गरम लागलं, तर लगेच आणा."

तरी दुसऱ्या दिवशी ती पहारा द्यायला हजर. मी साबणानं हात धुतले, मास्क लावला, बाळ घेतलं. खोकला आला तसा मास्क खाली ओढून खोकले.

"अगं, मास्क खोकल्यासाठी असतो, फोटोसाठी नाय!"

आई पदरात हसली. मीही. मग ताईनं माझ्या पाठीशी उशी सारली, बाळाचं तोंड नीट लावलं आणि पहिला घोट ऐकू येईपर्यंत हलली नाही.

आता ती लेकीकडे राहायला गेलीय. नवीन ताई फोनवर विचारते, "सगळं ठीक ना?" आपण "हो" म्हणतो, ती फोन ठेवते.

त्या तापात माझं दूध तुटलं नाही. बाटली सुटली, आणि मुलगी सहा महिन्यांची होईपर्यंत निव्वळ माझ्या अंगावर वाढली.