गाडी स्लो धरत नाही

आमच्या गाडीत अजून कार्ब्युरेटर आहे. पेट्रोलमध्ये हवा किती मिसळायची हे तिथे कॉम्प्युटर नाही, एक बारका पितळी स्क्रू ठरवतो. आमच्या घरी तो स्क्रू मी फिरवायचो आणि ठरवायची बायको.

हिंगोलीतल्या आमच्या घराच्या स्वयंपाकघराची खिडकी अंगणात उघडते. मी बोनेट उघडून वाकलो की आत भाकरी थापण्याचा आवाज थांबायचा. म्हणजे बाईसाहेब ऐकू लागल्या. मी स्क्रू हळूहळू सोडत जायचो. “अजून. अजून थोडं. बस्स, आता बराबर हाय. हात काढा!” हात काढला की इंजिन संथ, एकसारखं चालायचं. तिला गाडी चालवता येत नाही, पेट्रोलच्या वासानं तिचं डोकं दुखतं, पण तिचा कान कधी चुकला नाही. मी उगाच नाक मुरडायचो आणि मुकाट्यानं हात काढायचो.

लेकीच्या बाळंतपणासाठी ती पुण्याला गेली, ती दोन महिन्यांसाठी. नात आता चालायला लागली. लेकीला नोकरी आहे, लेकराला कोण बघणार, हे मला कळतं. म्हणून “कधी येतेस” असं मी एकदाही विचारलं नाही. मोठा समजूतदार ना मी! फोनवर रोज गाडीच्या तक्रारी मात्र सांगितल्या. स्लो धरत नाही, चौकात थांबून पाय काढला की बंद पडते, सकाळी चोक ओढूनही रुसून बसते.

शेवटी वारंगा फाट्यावरच्या म्हाताऱ्या मिस्त्रीकडे गाडी नेली. त्यानं कार्ब्युरेटर उतरवून धुतला, जेटच्या बारीक भोकातला कचरा फुंकून काढला, परत बसवला. इंजिन सुरू करून स्क्रू फिरवला आणि मला म्हणाला, “ऐका साहेब. बराबर हाय का?”

रस्त्यावरून ट्रक जात होते, म्हणून मी कान पार बोनेटखाली नेला. काही कळेना. इतकी वर्षं मी इंजिन कधी ऐकलंच नव्हतं. खिडकीतून काय हुकूम येतो, तेवढंच ऐकत होतो. मला लाज वाटली, आणि तिची इतकी आठवण आली की तिथेच उभ्या उभ्या फोन लावला.

“ऐक जरा,” म्हणालो आणि फोन इंजिनजवळ धरला. “सांग, बराबर हाय का?”

“काईच ऐकू येईना.”

मी आणखी जवळ धरला. मिस्त्रीनं रेस वाढवली. तरी तेच.

“जावई म्हणतात, हे नवे फोन बाकीचा आवाज गाळून टाकतात,” ती म्हणाली. “माणूस बोललं तेवढंच इकडं येतं. गाडीचं राहू द्या. तुमी बोला.”

मी मिस्त्रीला इंजिन बंद करायची खूण केली. तो भला माणूस, फडक्याला हात पुसत चहाच्या टपरीकडे निघून गेला.

“घरी ये,” मी म्हणालो. “मला करमत नाही.”



“दीड वर्ष लावलं तुमी हे बोलायला,” ती म्हणाली. “आता लेकरू माझ्याबिगर झोपत न्हाई. आता काहून बोललात?”