धंद्याचं नाव मला घेता येत नव्हतं

ज्याला बोलायची बंदी असते, त्याच्याकडे किस्से जास्त साठतात. बडबड्या माणसाचा किस्सा त्याच दिवशी गावभर होतो आणि संपतो. माझे तसे झाले नाहीत. पौडच्या रस्त्याकडेला मोटारी पुसत मी काही वर्षं गप्प राहून काढली, त्यामुळे आता कुणी नुसतं 'पॉलिश' म्हटलं तरी मी सुरू होते. सुना म्हणतात, "आत्याबाई, तो मुक्या बाईचा सांगा." सांगते. पण मधेमधे मला राग येईल, तोही ऐकून घ्यायचा.

आधी एक सांगून ठेवते. आमच्या मालकांचं नाव मी इथंही घेणार नाही. हसायचं तर हसा. देवाचं नाव आहे, पौडात त्या नावाची वीसेक माणसं तरी असतील. आरतीत तो शब्द आला की मी अजून तोंड मिटून घेते. आमच्यात बायको नवऱ्याचं नाव घेत नाही, फारच झालं तर उखाण्यात. माझ्या सासूबाई, त्यांना मीही आत्याबाईच म्हणायचे, या बाबतीत फार कडक. मामंजींचं नाव काय होतं हे मला त्यांच्या मरणाच्या दाखल्यावर वाचून कळलं. एकदा आलेलं पत्र वाचून दाखवताना पाकिटावरचं ह्यांचं नाव माझ्या तोंडून गेलं, तर आत्याबाईंनी मला पुन्हा अंघोळीला पाठवलं. पौष महिना होता.

*

हे तालुक्याच्या कचेरीत जीपवर ड्रायव्हर. त्याआधी पुण्यात एका गॅरेजात होते, तिथं पॉलिशचं काम शिकले. शनिवारी जीप दारात आणायचे. जीप धुणं हे ड्रायव्हरचं काम, पण धुवायची कुणी? मी.

काम ह्यांनीच शिकवलं, ते मात्र मान्य करते. आधी भरपूर पाणी मारायचं. कोरडी धूळ पुसायची नाही, चरे पडतात. मग जुन्या धोतराचं मऊ फडकं. मग मधाच्या पोळ्याचं मेण टर्पेंटाइनमध्ये पातळ करून हलका हात द्यायचा, आणि शेवटी मनगट भरून येईपर्यंत घासायचं. मेण मी डोंगरातल्या वाडीवरच्या एका कातकरणीकडून तांदूळ देऊन घ्यायचे.

एका शनिवारी मी माहेरी गेले होते. आत्याबाईंना वाटलं, सुनेचं काम अडायला नको. त्यांनी चुलीतली राख घेतली आणि जीपचं बॉनेट तांब्या घासावा तसं घासलं. मी येऊन बघते तर बॉनेटवर चरेच चरे.

"आत्याबाई, राख कशाला लावली?"

"तांब्याला लागती, पितळीला लागती, मग ह्यो काय लाटसायेब हाय?"

सोमवारी साहेबांनी विचारलं, जीप काटेरी कुंपणातून नेली होती का? ह्यांनी मान खाली घालून सांगितलं, "बायकोनं धुतली." माझं नाव या धंद्यात पहिल्यांदा निघालं ते असं. पुढचे तीन शनिवार मी ते बॉनेट घासत होते.

*

पण ते चरे बुजवताना अशी काही चकाकी आली, की रविवारी मुळशीचं धरण बघून परतणारे पुण्याचे एक डॉक्टर आमच्या दारातली जीप बघून थांबले. त्यांची काळी मोटार धुळीनं तांबडी झाली होती. म्हणाले, "हिला असं कराल का?" मी केलं. पुढच्या रविवारी त्यांचे दोन मित्र आले, आणि महिनाभरात रविवारी दुपारी आमच्या आंब्याखाली मोटारींची रांग लागायला लागली.

धंदा चालतो म्हटल्यावर थोरल्या भावजींना जाग आली. हे माझे थोरले दीर. तोवर त्यांनी फडक्याला हातसुद्धा लावला नव्हता. ते म्हणाले, "धंद्याला नाव पायजे. बिननावाचा धंदा म्हंजी बिनकुंकवाची बाई."

पडवीत बैठक बसली. सात पुरुष. मी तीन वेळा चहा केला. एक म्हणाला, देवाचं नाव ठेवा. एक म्हणाला, इंग्रजी ठेवा, पुण्याची माणसं इंग्रजीला भुलतात. तिसऱ्यानं स्वतःच्या म्हशीचं नाव सुचवलं, ती म्हणे फार लकी होती. शेवटी भैरोबाला कौल लावायचं ठरलं. देवाच्या अंगावरचं उजवं फूल पडलं की देवाचा होकार, डावं पडलं की नकार. दुसऱ्या दिवशी सगळे देवळात जाऊन आले आणि भावजींनी जाहीर केलं, की धंद्याला आमच्या ह्यांचंच नाव द्यावं असा देवाचा हुकूम आहे.

मी आतून म्हणाले, "ह्यांची सरकारी नोकरी हाय. सरकारी माणसाला जोडधंदा चालत न्हाई. नाव बघितलं तर नोकरी जाईल."

"तू आत बघ, चहा उतू जाईल," भावजी म्हणाले.

नंतर मला गुरव भेटला. मी विचारलं, "देवाला नेमकं इचारलं काय हुतं?" तो म्हणाला, "धंदा करावा का, येवडंच. नावाचं कुणी काडलंच न्हाई." म्हणजे देवालासुद्धा त्यांनी माझ्यासारखंच वागवलं होतं.

*

भावजींनी चहाच्या खोक्याचं झाकण आणलं, निळा ऑइलपेंट दिला, आणि पिवळ्या अक्षरांत वर ह्यांचं नाव, खाली 'मोटार चकाकी केंद्र' असं रंगवलं. पाटी आंब्याला ठोकली. गाडी कुणी धुवायची? मी. मेण कुणी आणायचं? मी. आणि नाव कुणाला घेता येत नाही? त्या घरात फक्त मला.

गिऱ्हाईक हमखास विचारायचं, "छान झाली हो गाडी. या जागेचं नाव काय? आमच्या भावाला सांगतो." मी गप्प. ओलं फडकं उचलून पाटीकडे दाखवायचे. भाव भावजी ठरवायचे, त्यामुळे मला दुसरं काही बोलायचं कारणही पडत नसे.

होता होता पुण्यात बोलबाला झाला, की पौडला एक मुकी बाई आहे, ती मोटार आरशासारखी करून देते. लोक लांबून यायचे. एक बाई नेहमी माझ्यासाठी साडी-चोळी आणायच्या आणि डोळ्यांत पाणी आणून माझ्या डोक्यावरून हात फिरवायच्या. एक गृहस्थ तर वर्षभर माझ्याशी हातवारे करून बोलत होते. बॉनेट म्हणजे दोन्ही हात आडवे, काच म्हणजे डोळ्यांपुढे पंजा.

एका रविवारी ते गाडीच्या पायरीवर पाय ठेवून चहा पीत होते आणि मला नेमकं तिथंच पुसायचं होतं. मी म्हणाले, "साहेब, जरा पाय घ्या."

कप फुटला. आत्याबाईंच्या माहेरचा होता. तो फुटला म्हणून मलाच ऐकून घ्यावं लागलं. आत्याबाई म्हणाल्या, 'बोलायची काय गरज हुती?'

*

दसऱ्याला आमच्याकडे अवजारांबरोबर गाड्यांचीही पूजा होते. भावजींना वाटलं, फुकटात जाहिरात करायला याहून चांगला दिवस नाही. त्यांनी आठवड्याच्या बाजारात दवंडी पिटवली, की दसऱ्याला जो गाडी घेऊन येईल त्याची गाडी फुकट चमकवून मिळेल आणि धंद्याची मालकीण स्वतः उखाण्यात धंद्याचं नाव घेईल. दवंडीवाल्याला त्यांनी दिलं काय, तर माझ्या हातचं जेवण. मला विचारलं? मला दवंडी ऐकूनच कळलं.

मोटारी आल्या तीन, ट्रक दोन, बैलगाड्या अकरा! भावजी म्हणाले, "गाडी म्हंजी गाडी." मी बैलगाडीच्या चाकाच्या लोखंडी धावेला मेण लावलं त्या दिवशी. आणि माणसं किती? जत्रेला नसतील एवढी. सगळ्या बायका तोंडाला पदर लावून हसतायत, पुरुष झाडावर चढलेत, आणि सगळे म्हणतायत, "नाव घ्या, नाव घ्या." माझे दोन्ही हात मेणानं भरलेले, पाठ मोडलेली. मग मीही घेतलं:

"धरणाच्या रस्त्याला धूळ उडते फार,
अमुकरावांच्या नावावर मीच धुते मोटार."

अमुकरावांच्या जागी नाव होतं, ते सोडा. बायका इतक्या हसल्या की हे जीपच्या मागं जाऊन उभे राहिले. भावजींना मात्र त्यातलं काही टोचलं नाही. म्हणाले, "ब्येस. ह्योच उखाणा दर रविवारी घ्यायचा. पैशाबिगर जाहिरात हाय."

त्या दिवशी मला खरंच रडू आलं. जत्रेत अस्वल नाचवतात ना, तशी मी उभी होते.

*

यावर थांबले असते तर ते भावजी कसले. त्यांना रस्त्यावर पाट्या लावायच्या होत्या, पण लाकडाला खर्च येतो. सरकारनं रस्त्याला मैलाचे दगड मात्र आयते रोवून ठेवले होते. भावजींनी भूगावपासून पौडपर्यंत जितके सापडले तितक्या दगडांना चुना फासला, आकडे बुजवले आणि वर काळ्या रंगात ह्यांचं नाव लिहून खाली बाण काढला. जास्त मजकुराला दगडावर जागा नव्हती.

दोन दिवसांत घोळ सुरू झाला. पुण्याच्या मोटारी थांबवून लोक विचारायला लागले, मुळशी किती लांब आहे? दगडावर तर भलतंच गाव लिहिलंय. एका पाहुण्यानं एस्टीत चढून कंडक्टरकडे चक्क आमच्या ह्यांच्या नावाचं तिकीट मागितलं. कंडक्टर पौडचाच. तो म्हणाला, "उतरा हितंच. त्यो आत्ताच जीप घिऊन गेला."

मी भावजींना म्हणाले, "सरकारच्या दगडावर सरकारी माणसाचं नाव? आता नोकरी जाणार बघा."

"लोकांत नाव झालं ते बग की," ते म्हणाले.

झालंच. रस्त्याच्या खात्यानं ह्यांच्याच कचेरीत तक्रार केली, की एक धंदेवाईक मैलाचे दगड खराब करतोय, त्याला शोधा. त्या दिवशी संध्याकाळी हे घरी आले ते जेवलेच नाहीत. "उद्या नवे सायेब येनार हायेत चवकशीला, ह्ये आपलं घर हाय ते त्यांना ठावं न्हाई. मलाच जीपमदून आनायचं हाय त्यांना. धंदा माजा हाय असं लिवलं गेलं की संपलं."

मला भीती वाटलीच, पण राग जास्त आला. सात जणांनी चहा ढोसून माझ्या घामाला नाव दिलं, आणि त्या नावापायी आता घरची चूल विझणार होती. आत्याबाई कोपऱ्यात चिंचा फोडत होत्या.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघते तर आंब्यावर पाटी नाही. आत्याबाईंनी उतरवून अंगणात पालथी टाकली होती आणि वर चिंचा वाळत घातल्या होत्या. थोरल्या भावजींना एकदम आठवलं, की त्यांची म्हैस चार दिवस झाले रिहे गावाच्या बाजूला हरवली आहे. ते शोधायला गेले.

जीप आली. मीच शनिवारी घासलेली, उन्हात डोळ्यांवर येत होती. ह्यांनी साहेबांसाठी दार उघडलं आणि स्वतः टायरकडे बघत उभे राहिले. साहेब वही आणि पेन घेऊन उतरले. तोवर निम्मा पौड कुंपणाशी गोळा झालेला.

साहेब म्हणाले, "इथं मोटारी पुसायचा धंदा चालतो?"

मी म्हणाले, "चालतो."

"दगडांवर नाव आहे ते कुणाचं? इथल्या वीस जणांची नावं तीच आहेत म्हणे. धंद्याच्या मालकाचं नाव सांगा, लिहून घेतो."

मागून कुणीतरी म्हणालं, "उखाण्यात सांगत्यात त्या. ऐका सायेब, लई भारी घेत्यात." बायका पुढं सरकल्या. दसऱ्यासारखीच सगळी माणसं माझ्या तोंडाकडे बघायला लागली. हे टायरकडेच बघत होते, पण त्यांचे कान लाल झाले होते. माझ्या हातात फडकं होतं, ते मी घट्ट धरलं.

"चंद्रभागा," मी म्हणाले.

साहेबांनी पेन उचललं. "हे कुणाचं?"

"माझं."

"बाई, मी तुमचं नाव विचारलं नाही. मालकाचं विचारलं."

"मालकाचंच सांगितलं. धुते मी, मेण लावते मी, घासते मी. ही जीपसुद्धा मीच घासलीय."

कुंपणाशी कुणी हसलं नाही. साहेबांनी जीपकडे बघितलं, मग वहीत लिहिलं. मग पुन्हा मान वर केली.

"बरं. चंद्रभागा. पुढं? नवऱ्याचं नाव, आडनाव. पूर्ण नाव लागेल."

मी गप्प. खरोखरच मुकी झाले. हे टायरजवळ खाली बसले.

आत्याबाईंनी चिंचांवरून हात काढला नाही. पालथ्या पाटीवरच्या चिंचा एकेक करून उलटत त्या म्हणाल्या, "सायेब, पुडचं तिला घेता येत न्हाई. हाय तेवडंच लिवा."