तळाची शिवण

तुमच्या हातची चूक दुसऱ्याच्या नावावर चढताना तुम्ही कधी उभ्या उभ्या पाहिली आहे? मी पाहिली आहे. सहा वर्षं झाली. हे मी कोणाला सांगितलेलं नाही — घरी नाही, सभेत नाही, आणि ज्या पत्रकांत मी साऱ्या जगाचे दोष काढतो त्यांत तर नाहीच.

अमरावतीहून येणारी सुधारकांची पत्रकं वाचून मी वाढलो. जन्म वडनेरच्या पाटलाच्या घरातला. विसाव्या वर्षी श्रमाच्या प्रतिष्ठेवर लिहायचं ठरवलं आणि आधी हाताने काम करायचं म्हणून गावच्या उकंडा चांभाराकडे जाऊ लागलो — भर दुपारी, मागच्या वाटेने. त्यांच्या घरात मी त्यांना काका म्हणायचो. बाहेर रस्त्यावर नुसतं उकंडा. तेव्हा हे मला खटकलं नाही. का नाही खटकलं?

एकदा तारवाल्या मिस्त्रीचं काम आलं. खांबावर चढताना कमरेला बांधायची, पकड-हातोडी ठेवायची चामडी पिशवी. अंगाची शिवण काकांनी घातली, तळ मी मागून घेतला. सारा भार तळावर येतो, म्हणून तिथे आतून दुसरं चामडं लावून दोन सुयांनी शिवायचं — एकाच भोकातून दोन्हीकडून दोरा, म्हणजे एक तुटला तरी दुसरा धरतो.

"घाई नका करू, बापू," काका म्हणाले. "थे पिशवी खालच्या मानसाच्या डोक्यावर राह्यते."

मी घाई केली. आरीने बोट दोनदा फुटलं होतं, आणि चार वाजता सभा होती. आतलं चामडं मी नुसत्या खळीने चिकटवलं, कडेने एका सुईचा दोरा ओढला आणि — इथे हात अडतो — वरून आरीने भोकं दाबून ती दुहेरी शिवणीसारखी दिसतील अशी केली.

"दोन सुया?" काकांनी विचारलं.

मी हो म्हणालो. त्यांनी उलटून पाहिलं नाही. माझ्या शब्दावर विश्वासून, वरून मेण चोळून त्यांनी पिशवी देऊन टाकली.

महिनाभराने मिस्त्री खांबावर असताना तळ उसवला. खाली तार धरून उभ्या असलेल्या माणसाच्या खांद्यावर पकड पडली, हाड मोडलं. डोकं वाचलं ते दोन बोटांनी.

मिस्त्रीने चावडीसमोर पिशवी आपटली. "हात थरथरते तं काम कायले घेतं बे म्हताऱ्या? चपला शिव, चपला."

लोक हसले. मी चार हातांवर उभा होतो. काकांनी पिशवी उचलली, तळावरून अंगठा फिरवला. एकेरी दोरा त्या अंगठ्याला कळला नसेल? त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं.

"हाव," ते म्हणाले. "चुकलंच माह्यं."

मी बोललो नाही. मी चामड्याला हात लावल्याचं वडिलांना कळलं असतं — एवढंच कारण. जातिभेदावर लिहिणारा मी.

दुसऱ्या दिवशी मागच्याच वाटेने गेलो. सगळं सांगून टाकतो म्हणालो. काकांनी हातातली चपलेची टाच खाली ठेवली नाही.

"सांगसान. मंग गाव इचारन, पाटलाचा पोरगा तुह्या घरात कसा बसला? तुमाले बोलनं बसन, बापू. मले मार बसन."

ते खरं होतं. पण ते ऐकून मला बरं वाटलं — आणि लाज मला त्याचीच आहे. मिस्त्रीला एकट्याला गाठून सांगता आलं नसतं का?

काकांकडे येणारं तारवाल्यांचं काम गेलं. मग मोट शिवायलाही लोक दुसरीकडे जाऊ लागले. अखेर ते लेकीकडे वरवट बकालला गेले. त्याच सुमाराला माझं श्रमावरचं पत्रक छापून आलं. खाली सही, 'एक सत्यसेवक'. पुष्कळांना ते आवडलं.

गेल्या आठवड्यात वरवटला जाऊन मी काकांना विचारलं, आता लिहू का? त्यांनी हातातल्या दोऱ्याला मेण लावून संपवलं.

"लिवा," म्हणाले. "पन या खेपेले नाव तुमचं लिवा."

माझ्यासाठी मी काही मागत नाही. तुमच्याकडे मोट, पट्टा, पिशवी, काही शिवायचं असेल तर वरवट बकालला उकंडाकाकांकडे न्या. आणि वाटेत कोणी म्हणालं, त्या म्हाताऱ्याची शिवण उसवते, तर त्याला थांबवून सांगा: ती शिवण वडनेरच्या पाटलाच्या यशवंताची होती.