गळका पंप आणि सोळा भाज्या

फवारणी गावात माझ्याइतकी कोणालाच जमत नाही, अशी माझी पक्की समजूत होती. बादलीत औषध कालवायला काडी घेणारे गडी मला कच्चे वाटत. मी सरळ कोपरापर्यंत हात घालून ढवळायचो. पाठीवरच्या पंपाचं झाकण गळायचं, कंबरेपासून खाली पॅन्ट भिजायची आणि अंगावरच वाळायची. दुपारी त्याच पॅन्टला हात पुसून भाकर खायचो. "तोंडाले रुमाल तरी बांधत जा," असं बायको म्हणाली की मी म्हणायचो, "डाकू हाय काय मी?"

लग्नाला चार वर्षं झाली तरी पाळणा हलला नाही. आमच्याकडे अशा वेळी चौकशी एकाच दिशेनं जाते. मायनं सुनेला कडू काढे पाजले, उपास धरायला लावले, कोणी सांगितलेल्या मुळ्या उगाळून दिल्या. बायको निमूट सगळं करत गेली. मी निमूट बघत राहिलो, आणि त्याची मला आजही लाज वाटते.

शेवटी तीच मला नांदुऱ्याला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. तिचे सगळे रिपोर्ट चांगले निघाले. मग बाई माझ्याकडे वळल्या.

"आता तुमची तपासणी."

"माही काऊन? मी दिवसभर वीस लिटरचा पंप वाह्यतो!"

"म्हणूनच," बाई म्हणाल्या.

रिपोर्ट आला. शुक्रजंतू कमी होते, आणि जे होते तेही मरगळलेले. बाईंनी माझ्या फवारणीचं सगळं खोदून खोदून विचारलं. गळक्या झाकणापाशी आल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं. एकट्या औषधामुळंच हे झालं असं छातीठोक सांगता येणार नाही, म्हणाल्या, पण हे विष कातडीतून आत जातं आणि लोखंडाला गंज चढावा तसं शरीराला आतून खातं. हिरव्या पालेभाज्या, टमाटे, आवळा, जवस यांत अँटिऑक्सिडंट असतात, ते हा गंज आवरायला मदत करतात. "पण पंप असाच चालू ठेवलात, तर आवळ्याचं पोतं खाऊनही उपयोग नाही. नवे जंतू तयार व्हायला तीनेक महिने लागतात. धीर धरा."

परतीच्या बसमध्ये बायको खिडकीशी बसली होती, फाइल मांडीवर. तिनं ती पुन्हा एकदा उघडून पाहिली. मग म्हणाली, "चार वर्षं काढे प्याली मी," आणि जी हसत सुटली ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. डोळे पुसून तिनं एवढंच विचारलं, "घरी सांगसान न?"

"सांगतो," मी म्हणालो, आणि आठ दिवस सांगितलं नाही. पंप मात्र त्याच दिवशी गोठ्यातल्या खुंटीला टांगला.

भाद्रपदात आमच्या घरी महालक्ष्म्या, म्हणजे गौरी, बसतात. जेवणाच्या दिवशी सोळा भाज्या एकत्र शिजतात, गावातल्या सवाष्णी जेवायला येतात आणि त्यांच्या ओट्या भरतात. हा मान घरच्या सुनेचा. पण दोन वर्षांपासून माय ओट्या भरायला शेजारच्या काकूंना बोलवायची. मूल नसलेल्या सुनेच्या हाती ती ताट देत नव्हती. त्या वर्षीही जेवणाच्या दिवशी तिनं भिंतीवरून काकूंना हाक मारली. बायको विळीवर गवार चिरत होती. तिचा हात थांबला, मान खाली गेली, आणि माझं डोकं फिरलं. राग मायचा नव्हता, माझाच होता.

"काकूले नोको बोलावू," मी म्हणालो. "हिच्यात काहीच कमी नाई. कमी माह्यात हाय. डॉक्टरनं सांगतलं."

मायनं मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं, बाजारातल्या बैलाकडं बघावं तसं.

"कवापासून मालूम हाय तुले?"

"आठ दिवस झाले."

"मंग आठ दिवस मूग गिळून बसला होता काय?"

हळदी-कुंकवाचं ताट उचलून तिनं सुनेच्या हातात दिलं. "धर. तूच भर ओट्या." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "काय खायले सांगतलं डॉक्टरनं?" मी भाज्यांची यादी म्हणून दाखवली. तिनं चुलीवरच्या पातेल्याकडे पाहिलं. "हेच त हाय सारं!"

तेव्हापासून माझे हाल सुरू झाले. वर्षातून एकदा होणारी सोळा भाज्यांची भाजी दर आठवड्याला व्हायला लागली. अंबाडी, शेवग्याचा पाला, दोडका, भोपळा, कारलंसुद्धा. भाकरीबरोबर जवसाची चटणी. थंडी पडली तसे सातपुड्याकडून संग्रामपूरच्या बाजारात आवळे आले, मायनं ते टोपलीभर आणले. भाजी मात्र बाजारातून आणायची नाही. "तिच्यावर तुह्यासारख्याच एखाद्यानं फवारलं असन," म्हणून तिनं परसात वाफे केले. मी तोंड वाकडं केलं की बायको शांतपणे सांगायची, "खा. काढ्यापरीस गोड हाय."

कपाशीचा प्रश्न होताच. मजूर लावून माझा पंप दुसऱ्याच्या पाठीवर देणं मनाला पटेना. कपाशी कमी केली, निंबोळीचा अर्क मारायला शिकलो, आणि अगदीच अडलं तर न गळणारा नवा पंप, हातमोजे, मास्क. गावातले गडी हसले. हसू दिलं.

दिवाळीनंतरची तपासणी जराशी बरी निघाली. संक्रांतीनंतरची आणखी बरी. उन्हाळा लागता लागता एका सकाळी बायकोला चहाचा वास सोसेना. मी अंगणात अक्षरशः नाचलो. श्रेय कोणाचं, ते बाईंनीही सांगितलं नाही. "आवळ्याचं थोडं, खुंटीवरच्या पंपाचं जास्त," एवढंच हसून म्हणाल्या.

पुढच्या महालक्ष्म्यांना बायकोला सातवा महिना होता. हिरवं लुगडं नेसून ती जपून वाकत एकेकीची ओटी भरत होती, आणि मी पंगतीत भाजी वाढत होतो. काकूंनी तिच्या पोटाकडे बघून हात जोडले. "महालक्ष्मी पावली हो सुनेले!"

माय पुरणपोळीवर तूप वाढत होती. ती थांबली आणि साऱ्या पंगतीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "सुनेले काऊन? सुनेत काहीच कमी नव्हतं. पावली ते माह्या पोराले."

भाजीची बादली हातात घेऊन मी कानापर्यंत लाल झालो. मग बायको हसली, बसमध्ये हसली होती तशीच, आणि तिच्यामागून सगळ्या बाया हसायला लागल्या. हसणाऱ्यांत मीही होतो.