ह्यांचा लिनक्स आणि गुरुवारची लाइट

आमच्या ह्यांचं पोट खराडीतल्या कंपनीच्या सर्व्हरांवर चालायचं, पण जीव धायरीच्या घरातल्या कॉम्प्युटरवर. दोन्हीकडे लिनक्सच. विंडोजसारखंच कॉम्प्युटर चालवणारं, पण कुणीही फुकट घ्यावं, उघडून हवं ते बदलावं, अशातलं ते. "अगं, जगभरचे सर्व्हर यावर चालतात," हे सांगायचे. मी म्हणायची, "चालत असतील. आपला प्रिंटर चालत नाही, त्याचं बोला." साध्या एका प्रिंटसाठी मला कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे जावं लागायचं.

मग लोक घरी लिनक्स का वापरत नाहीत, याची ह्यांना भारी खंत. इंग्रजीला बिचकत असतील, असं स्वतःच ठरवून हे पडद्यावरचे शब्द मराठीत करायला बसले. पुण्यात कोण मराठीत कॉम्प्युटर लावतंय! पण माणूस हट्टी. ऐन जेवायच्या वेळी बाहेरून विचारणार, "अगं, शट डाऊनला काय म्हणू?" इकडे भाजी गार होत असायची. "आवरा आता, असं म्हणा!" मी खेकसायची. "झालंच, दोन मिनिटं," हे ठरलेलं उत्तर.

उन्हाळ्यात हे गेले. छातीत कळ आली आणि संपलं. ते सगळे सर्व्हर त्या दिवशीही चालूच होते, कुणाचं काही अडलं नाही. मला त्याचा अजून राग येतो. घरचा कॉम्प्युटर हे चालू ठेवून उठले होते, तो मी तसाच ठेवला. लेक म्हणाली, "आई, देऊन टाक ना ते धूड, तुला टॅब आणते." मी म्हटलं, "हात तर लावून बघ."

पण पुण्यातला गुरुवार कुणाला चुकलाय? अशाच एका गुरुवारी दुरुस्तीसाठी दिवसभराची लाइट गेली आणि कॉम्प्युटर थोडा वेळ बॅटरीवर चालवणारा यूपीएस कोकलायला लागला. नीट बंद केला नाही तर आतलं बिघडतं, हे नेहमी बजावायचे. मी पहिल्यांदाच ह्यांच्या खुर्चीत बसले आणि चाचपडत बंद करायचं बटण शोधून दाबलं.

पडद्यावर चौकट आली. बंद करायचं असेल तर दाबायच्या जागी लिहिलं होतं, 'आवरा आता'. नको असेल तर, 'झालंच, दोन मिनिटं'.

अगं बाई! मला रडूच फुटलं.

इतकी वर्षं मी आवरा आवरा करत आले. त्या दिवशी मी दोन मिनिटं दाबलं. चौकट गेली, ती परत आणली, परत तेच दाबलं. यूपीएसचा आवाज थांबेपर्यंत दाबत राहिले.