दोराला लागलेले हात

एस.वाय.बी.कॉम.ला असताना आमच्या कॉलेजचं सेवा शिबिर माझ्याच गावात आलं. आम्ही पंचेचाळीस मुलं-मुली शाळेत उतरलो. रस्ता साफ करायचा, शोषखड्डे खणायचे, एवढंच ठरलं होतं. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

तिसऱ्या दिवशी ओरोसहून, जिल्ह्याच्या ठिकाणाहून, एक साहेब पाहणीला येणार होते. खड्ड्यांचे फोटो चांगले येत नाहीत म्हणून शिबिराच्या सरांनी आम्हाला सकाळी किनाऱ्यावर नेलं. तिथे रापण लागली होती. होडीनं समुद्रात गोल टाकलेलं जाळं माणसं दोन्ही टोकांचे दोर धरून किनाऱ्यावर ओढतात, ती रापण. आमच्याकडचा रिवाज असा, की दोराला ज्याचा हात लागला त्याला मासळीचा वाटा. कुणालाही रिकामं पाठवायचं नाही. शेजारची विधवा काकी या रिवाजावरच जगत होती. सकाळी दोर ओढायचा, मिळेल ती मासळी बाजारात विकायची, दुसरं उत्पन्न नाही.

हे सगळं मी सरांना सांगितलं. "अरे, दहा मिनिटांचं तर काम," ते म्हणाले. मुलं दोराला लागली, फोटो निघाले.

रापणीवर रोजची माणसं तीस. मी हात लावला नव्हता, म्हणून वाढले चव्वेचाळीस. जाळ्यात मासळी नेहमीएवढीच. एरवी काकीच्या टोपलीत पंधरा बांगडे पडत, त्या दिवशी सहा पडले.

"समाजसेवा करूक इलास मा?" काकी मुलांना म्हणाली. "मग ही टोपली पण घेवन जावा. हलकीच आसा."

मुलं हसली. त्यांना वाटलं, म्हातारी गमतीशीर आहे.

मी सरांना म्हटलं, मुलांच्या वाट्याला आलेली मासळी परत देऊ या. "प्रेमानं दिलेलं नाकारलं तर गाव दुखावेल," सर म्हणाले. दुपारी साहेबांच्या ताटात ते प्रेम तळून वाढलं गेलं. जेवणानंतर साहेब ग्रामीण भागातल्या आपुलकीवर बोलले आणि टाळ्या पडल्या.

संध्याकाळच्या चर्चेत मी उभा राहिलो. "सर, चव्वेचाळीस हात वाढले, मासळी वाढली नाही. कुणाची तरी कमी झालीच."

"तू गावचा आहेस, म्हणून भावनेच्या भरात बोलतोयस."

"मी वजाबाकी सांगतोय, सर."

उद्याही किनाऱ्यावर जायचं, मुलांना मजा आली, असं त्यांनी तिथेच जाहीर केलं.

सकाळी मी आधी रापणीच्या म्होरक्याकडे गेलो. म्हटलं, "आज त्यांका दोर धरूक देव नको."

"दोर धरलेल्याक नाय म्हणूचा, तां माझ्यान होवचा नाय, बाबा," तो म्हणाला. "तुझ्या पोरांकच सांग."

मग मी मुलांच्या वाटेत उभा राहिलो. दोराला हात लावलात तर त्या काकीच्या टोपलीतलं काढून घ्याल, असं सरळ सांगितलं.

"तुला शिबिरातून काढीन," सर म्हणाले.

"काढा."

अकरा जण माझ्याजवळ वाळूत बसले. बाकीचे तेहतीस, काही मान खाली घालून, काही हसत, दोराकडे गेले. काकीला हातभार म्हणून आपणही ओढावं असं मला फार वाटलं, पण तो आणखी एक वाटा झाला असता.

काकीला सात बांगडे मिळाले. टोपली डोक्यावर घेऊन ती बाजाराच्या वाटेला लागली, आमच्याकडे तिनं पाहिलंही नाही. मागे सर मुलांना बजावत होते, मासे नीट उचला, वाळू लागू देऊ नका.