साहेबाच्या मापाची खुर्ची

माझे वडील साकीनाक्याच्या गाळ्यात गोऱ्या साहेबाच्या जेवणाच्या खुर्च्या बनवतात. साहेब जाऊन जमाना झाला, खुर्च्या अजून जन्माला येतायत. सागवानी पाय, वेताची बैठक, पाठीला नक्षी, सगळं हाताने. मग ती कोरी खुर्ची म्हातारी करायची. पुढच्या पायांमधली दांडी कानशीने अशी घासायची, की पिढ्यान्‌पिढ्या साहेबांचे बूट टेकून ती झिजलीय असं वाटावं. गिऱ्हाइकं त्या झिजेवरून हात फिरवत हळवी होतात. आम्ही घाटकोपरला घरी पोट धरून हसतो.

आमच्या घरात मात्र खुर्ची नव्हती. जेवायचं ते पाटावर, आणि आईने तर सगळ्यांना वाढून झाल्यावर, गार झालेलं. गुडघे गेले तसा तिचा पाटही गेला. ओट्याला टेकून ती उभ्यानेच चार घास गिळायची, पाय सुजायचे. मी विषय काढला की वडील म्हणायचे, "खुर्चीत बसान जेवूक आपण काय सायब?" अख्खा जन्म खुर्च्या बनवणारा माणूस! माझं डोकंच फिरायचं. शेवटी डॉक्टरने झापलं, तेव्हा स्वारी हलली.

खुर्ची आली ती एकदम झकास. जुन्या अस्सल खुर्चीवरून काढलेलं माप, त्यात सुताचाही फरक नाही. आई मांडीवर ताट घेऊन बसली आणि तिचे पाय अधांतरी लोंबायला लागले. साहेब ताडमाड, आमच्या आईचा हात वरच्या डब्यालाही पोचत नाही. पायांना मुंग्या आल्या, आणि ती परत ओट्यापाशी जाऊन उभी राहिली.

"पाय कापा ना जरा," मी म्हटलं.

"कापूचे नाय. माप म्हणजे माप."

साहेब कुठल्याही क्षणी जेवायला येणार असल्यासारखी खुर्ची कोपऱ्यात ऐटीत उभी. तिच्यावर वाळलेले कपडे बसायचे.

एका रविवारी जेवता जेवता वडिलांची नजर ओट्याकडे गेली. आई एक पाय उचलून दुसऱ्या पायाच्या पोटरीवर घासत होती आणि तशीच जेवत होती. वडील अर्ध्या ताटावरून उठले. करवत काढली, खुर्ची उलटी केली आणि साहेबाला आईबहिणीवरून शिव्या देत चारही पाय कापले. भुसा माझ्या आमटीत पडला. मी तशीच प्यायलो.

आई बसली. तळवे जमिनीला पूर्ण टेकले.

वडील पाटावर परतले आणि सवयीने ताट पुढे केलं. "अगो, भात वाढ."

आई हलली नाही. "आता मी बसलंय. उठा, तुमीच घेवा. माका पण वाढा."

वडील उठले, त्यांचेही गुडघे वाजले. कुकर उघडून त्यांनी आधी तिला वाढलं, आमटी थोडी खुर्चीवर सांडली, पॉलिशचं नाव कोणी काढलं नाही. आई फुंकर मारून मारून जेवत होती. तिला जेवताना फुंकर मारावी लागलेली मी त्याआधी कधी पाहिली नव्हती.